ती चित्रं काढायला जंगलात गेली

माझी बायको परभणीतल्या एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका होती. 'होती' लिहिताना हात अडतो, कारण ती आजही आहे, बरी आहे, रोज चित्रं काढते. फक्त परभणीत नाही आणि माझ्याजवळ नाही.

आमची लेक चौथीत असताना गेली. पावसाळा संपत आला होता आणि शहरभर डेंगीची साथ होती. आमच्या गल्लीत घरटी कुणीतरी अंथरुणावर होतं. तिला ताप आला, उतरला, ती उठून बसली, भूक लागली म्हणाली. आम्ही दोघांनीही सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी तिचे हातपाय गार पडायला लागले आणि तिला गाडीत घालून नांदेडला न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. ते मी डोळ्यांनी बघितलं, त्यामुळं पुढं कुणाला बोल लावायलाही मला जागा उरली नाही.

पोरगी बापावर गेली होती. बाळंतिणीच्या खोलीत पहिल्यांदा तिला बघायला आलेल्यांपासून सगळे हेच म्हणत. तेच रुंद कपाळ, त्याच जुळत आलेल्या भुवया, ऐकताना खालचा ओठ आत घ्यायची तीच सवय. हात मात्र आईचा होता. रविवारी सकाळी दोघी बैठकीतल्या फरशीवर पालथ्या पडून चित्रं काढत बसायच्या. आई काळ्या शाईनं, ब्रशच्या टोकानं, एका दमात चिमणी काढायची. लेक तीच चिमणी रंगीत खडूनं काढायची आणि तिला चार पाय द्यायची. "चिमणीला दोनच पाय असतात," असं मी म्हटलं की म्हणायची, "पप्पा, ही पळायलीय." मी वर्तमानपत्र वाचायचं नाटक करत त्यांच्याकडं बघत बसायचो. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, अधूनमधून लिहितो. पण त्या रविवारांबद्दल मी तेव्हा एक ओळही लिहिली नाही. लिहावं असं त्यात काही आहे, हेच तेव्हा कळत नव्हतं.

ती गेल्यानंतर बायको लवकरच शाळेत जायला लागली. लोकांनी कौतुक केलं, बाई खंबीर आहे म्हणाले. ती वर्गात जायची, फळ्यावर 'माझा आवडता सण' किंवा 'बाजाराचा दिवस' असा विषय लिहायची आणि पोरांना कागद देऊन खिडकीशी उभी राहायची. स्वतः तिनं ब्रश हातात धरला नाही. घरातले रंग, कागद, शाईच्या बाटल्या तिनं एका खोक्यात घालून माळ्यावर टाकल्या. रडली म्हणाल तर चारचौघांत कधीच नाही. पण तिला झोप येईना. मला जाग यावी तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून उघड्या डोळ्यांनी पडलेली असायची.

ती सगळं टाळायला लागली. लेकीची रिक्षा जिथं थांबायची तो कोपरा टाळून ती लांबच्या गल्लीनं शाळेत जायची. घरात भेंडी आणणं बंद केलं, कारण भेंडी लेकीला आवडायची. मी याच्या उलट वागत होतो. जिथं जिथं ती माझ्याबरोबर आली होती तिथं तिथं मी जाऊन उभा राहायचो. पोखर्णीला, माझ्या गावी, नरसिंहाच्या देवळाच्या ज्या पायरीवर बसून तिनं खोबरं खाल्लं होतं त्या पायरीवर बसायचो. दर्ग्याच्या उरुसात मोठ्या पाळण्यासमोर उभा राहून वर जाणारी पोरं बघायचो. त्या वर्षी उरुसातून घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "पाळणा तोच हाय. वरचे लाइट फक्त बदललेत."

तिनं हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. "तुमी मला हे कशाला सांगायलात?"

"तुला सांगू नको तर कुणाला सांगू?"

ती आत जाऊन बसली. एकाच माणसाचं दुःख दोघांना झालं की दोघं जवळ येतात, असं मी ऐकलं होतं, वर्गात शिकवलंही असेल. आमच्या घरात तसं झालं नाही. मला लेकीचं नाव घेतल्याशिवाय घास गिळवत नव्हता आणि तिला ते नाव ऐकल्यावर.

असं वर्ष गेलं, त्याहून जास्तच. मग आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांनी माझ्या मोबाइलवर एक माहिती पाठवली. अकोल्याच्या पलीकडं, सातपुड्यातल्या एका राष्ट्रीय उद्यानात कलाकारांसाठी रेसिडेन्सी सुरू झाली होती. चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकार अशा चारपाच जणांनी तिथं महिनाभर राहायचं, जंगल बघायचं, आपलं काम करायचं. जाताना एक कलाकृती उद्यानाला द्यायची आणि जवळच्या गावातल्या मुलांबरोबर एक दिवस घालवायचा. बस्स, एवढंच. सरांनी खाली लिहिलं होतं, "वहिनींना दाखवा."

मी दाखवलं. तिनं वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. "मी आता चित्रं काढत न्हाई."

"म्हणून तर म्हणायलोय."

"तिथं जाऊन काय होणार? तिथं काय वेगळे हात फुटणार हायेत का मला?"

मी विषय सोडला. पण पुढच्या रविवारी तिचे वडील पूर्णेहून आले. ते रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन पूर्णेलाच स्टेशनाजवळ घर करून राहिले होते. बोलणं अगदी कमी. नात गेल्यापासून तर 'जेवलात का' आणि 'येतो' यापलीकडं ते फारसं बोलत नसत. मी त्यांना रेसिडेन्सीचं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आपल्या लेकीकडं बघितलं.

"जा गं माय," ते म्हणाले. "एक महिना तरी या घराच्या बाहेर नीघ. चित्र नाही निघालं तर नाही. झाडं बघ, वापस ये."

तिनं वडलांचं ऐकलं. निवडीसाठी जुनी चित्रं पाठवायची होती, ती मीच माळ्यावरून काढून मोबाइलवर फोटो घेऊन पाठवली, कारण तिला ते खोकं उघडायचं नव्हतं. महिन्याभरात निवड झाल्याचा फोन आला. ती फोन कानाला लावून नुसती "हो, हो" म्हणत होती आणि मला तिच्याकडं बघून काही कळेना, आनंद आहे की भीती.

माझी आई तेव्हा पोखर्णीहून आमच्याकडं राहायला आली होती. तिला हे अजिबात पटलं नाही. "जंगलात? एकटी बाई? तिथं वाघ हाय म्हणं."

"आई, वाघ त्याच्या जागी अन् ही तिच्या जागी. पक्कं रेस्ट हाऊस हाय. वन खात्याचे लोक असतात."

"मंग चित्रं काढायला आपल्या गावात झाडं न्हाईत व्हय?"

बायको भाकरी थापत होती. ती मागं न बघता म्हणाली, "आई, हितली झाडं लय ओळखीची झालीत."

फेब्रुवारीच्या अखेरीला ती गेली. तिचे वडील तिला अकोल्यापर्यंत सोडायला निघाले होते, तिथून उद्यानाची गाडी येणार होती. मी परभणीच्या फलाटावर उभा राहून हात हलवला. तिनं खिडकीतून नुसतं बघितलं. तिच्या मांडीवर छोटी बॅग होती, त्यात शाईची एक बाटली, दोन ब्रश आणि कागदांची वही. एवढंच सामान बघून मला वाटलं, ही काही काढणार नाही. बसून राहील आणि परत येईल.

रेस्ट हाऊसमध्ये मोबाइलला रेंज नव्हती. मागच्या टेकाडावर वन खात्याची चौकी होती, तिथं उभं राहिलं की आवाज यायचा. संध्याकाळी ती तिथून फोन करायची. पहिल्या आठवड्यात बोलण्यासारखं काहीच नसायचं. जेवलात का, आई कशी आहे, इथं सकाळी गार असतं. "काही काढलंस का?" मी विचारायचो. "न्हाई." बाकीचे तिघं जण पहाटेच जिप्सीतून आत जातात, ही मात्र व्हरांड्यात बसून राहते, असं तिनंच सांगितलं. तिच्याबरोबरच्या लोकांत पुण्याकडच्या एक वयस्कर शिल्पकार बाई होत्या. त्या तिला काही विचारत नसत. फक्त फिरायला जाताना, "चल" म्हणत आणि ती गेली नाही तर एकट्या जात.

एक दिवस फोन आला आणि तिचा आवाज ऐकून मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. "पान काढलं," ती म्हणाली.

"कशाचं?"

"सागाचं. वाळलेलं. अळीनं खाल्लेलं. नुसती जाळी राहिलीय हो त्याची, शिरांची. सकाळी सुरू केलं अन् दुपार झालेली कळलीच न्हाई. जेवायला बोलवायला आले तवा कळलं."

मी रडायला लागलो ते तिला कळू नये म्हणून मोबाइल लांब धरला. आईनं घाबरून विचारलं, "काय झालं रे?" मी म्हणालो, "तिनं चित्र काढलं." आईनं देवापुढं साखर ठेवली. तो आमच्या घरातला कितीतरी दिवसांतला पहिला गोड पदार्थ होता, चिमूटभर साखर.

त्यानंतर ती रोज बोलायला लागली, आणि मी ऐकायला. कांडोळ नावाचं झाड असतं, त्याचं खोड चांदण्यात काय दिवसाही पांढरंफटक दिसतं, माणूस उभा असल्यासारखं. सांबर भुंकतं हे मला माहीत होतं का? पाणवठ्यावर लपणात, म्हणजे जनावरांना दिसू नये अशा आडोशात, बसलं की आधी काहीच दिसत नाही, मग जे आधीपासून तिथंच होतं ते दिसायला लागतं. पळस फुलला होता. मोह फुलायच्या बेतात होता. शिल्पकार बाईंबरोबर ती आता पायी जात होती, बरोबर वनरक्षक असायचा. मी शहरातून चालत फिरायचो, भेटेल त्याला सांगायचो की आमच्या मिसेस राष्ट्रीय उद्यानात चित्रं काढायलात. लोक म्हणायचे, वा. मला वाटायचं, आता ती परत येईल, माळ्यावरचं खोकं उतरवेल आणि हळूहळू घर पुन्हा घर होईल. ते फार थोडे दिवस होते. पण त्या दिवसांत मी खरोखर सुखी होतो, हे मला इथं लिहून ठेवलं पाहिजे.

शेवटच्या आठवड्यात घरच्यांना भेटायला यायची परवानगी होती. मी रजा घेतली आणि गेलो. अकोल्याहून बस, पुढं घाट, आणि घाट संपल्यावर उद्यानाचं फाटक. रेस्ट हाऊसच्या आवारात शिरलो तर व्हरांड्यात चारपाच जण बसून मोठमोठ्यानं हसत होते. त्यातली एक बाई उन्हानं रापलेली, वाळलेली, केस मागं बांधलेले, मनगटापर्यंत शाई लागलेली. तिनं कुणाच्या तरी बोलण्यावर डोकं मागं टाकून हसत टाळी दिली. क्षणभर मला ओळखूच आली नाही. मग ओळखली. इतकं मोकळं हसताना मी तिला लेक असतानाही क्वचितच बघितलं होतं.

तिनं मला बघितलं आणि हसू थांबलं. ठरवून थांबवलं नाही. आपोआप थांबलं.

"आलात," ती म्हणाली आणि उठून माझी पिशवी घेतली. तिनं पाणी दिलं, गवती चहा करून आणला, शिल्पकार बाईंशी ओळख करून दिली. बाई म्हणाल्या, "तुमच्या बायकोनं आम्हाला सगळ्यांना कामाला लावलंय." मी हसलो. पण ती माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडं, शर्टाच्या गुंडीकडं, मागच्या झाडाकडं बघत होती. घरीही ती असंच करायची बहुतेक. घरी मला ते जाणवलं नव्हतं.

दुपारी तिनं खोलीत नेऊन चित्रं दाखवली. पलंगावर, फरशीवर, खिडकीत, सगळीकडं वाळत पडलेले कागद. पानं, खोडं, वानरांची कुटुंबं, कोरडा नाला, खुरांचे माग, पाणवठ्याचा ओला काठ. सगळं काळ्या शाईत. मला चित्रातलं फार कळत नाही. पण इतकं कळलं की तिनं आजवर काढलेलं सगळं याच्यापुढं तयारी होती. मी एकेक कागद उचलून बघायला लागलो. खरं सांगायचं तर मी चित्र बघत नव्हतो, शोधत होतो. एखाद्या झाडामागं, एखाद्या वाटेवर, कुठंतरी एक लहान मुलगी असेल असं मला वाटत होतं. शेवटचा कागद ठेवला आणि विचारलंच.

"आपली कुठं दिसली न्हाई यात."

ती कागद गोळा करत होती. हात थांबला. "न्हाई. हितं ती न्हाई."

"म्हणजे?"

"हितं ती कधी आलीच न्हाई हो." ती खाली बघूनच बोलत होती, पण आवाज स्वच्छ होता. "घरी प्रत्येक जागी ती न्हाई. ओट्यापाशी न्हाई, दारात न्हाई, मोरीत न्हाई. सकाळी उठल्यापासून मी ती नसलेलीच बघत असते. हितं ती नव्हतीच कधी, तर हितं तिचं नसणं पण न्हाई. हितं मला झोप यायली. पहिल्या रात्रीपासून."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. बाहेर कुणीतरी जेवणासाठी हाक मारत होतं. मी तिला म्हणालो, "बरं झालं." मनापासून म्हणालो. आणि त्याच क्षणी मला कळलं की हे बरं झालेलं माणूस माझ्या घरात राहू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला पाणवठ्यावरच्या लपणात नेलं. आम्ही शेजारी शेजारी बसलो, बोलायला मनाई होती. कुठलं जनावर आलं नाही. काही पाखरं आली, पाणी पिऊन गेली. ती काढत होती आणि मी तिचा हात बघत होतो, जुन्या रविवारी बघायचो तसा. लग्नानंतरच्या आमच्या आयुष्यातला तो शेवटचा चांगला तास होता असं मी आता म्हणतो. तेव्हा फक्त एवढंच वाटत होतं की कुणी 'चला' म्हणू नये.

महिना संपल्यावर ती घरी आली. शाळेनं सत्कार केला, पोरांनी तिला वाघाबद्दल विचारलं, तिनं वाघ दिसला नाही असं खरं सांगितल्यावर पोरं हिरमुसली. आठ-दहा दिवस बरे गेले. बैठकीत टेबल मांडून तिनं कागद पसरला. शाई ओतली. मी चहा आणून ठेवला आणि मुद्दाम बाहेर गेलो. परत आलो तर कागद तसाच कोरा होता, ब्रशवरची शाई वाळून कडक झाली होती आणि ती भिंतीला टेकून फरशीकडं बघत होती. ज्या फरशीवर दोघी पालथ्या पडायच्या, त्याच.

मी म्हणालो, आपण घर बदलू. बदललंही. वसमत रस्त्याच्या बाजूला नव्या वस्तीत, जिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. तिथं फरशी वेगळी होती, दार वेगळं होतं, शाळेचा रस्ता वेगळा होता. तरी तिला झोप येईना. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. एका दुपारी पंख्याखाली दोघं बसलो असताना मी म्हणालो, "मग आपण दोघंच तिकडं जाऊ. मी बदली मागतो. अकोल्याकडं मिळंल. न्हाई मिळाली तर नोकरी सोडतो."

मग तिनं मान वर करून माझ्या तोंडाकडं बघितलं, सरळ. ते तिनं कितीतरी दिवसांनी केलं होतं. आणि तिचे डोळे भरून आले.

"तुमी आलात तर ती पण येईल," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही.

"सगळे म्हणायचे ना, पोरगी बापावर गेली. तुमी विचार करायलात तवा ओठ आत घेता. अस्साच घ्यायची. तुमी झोपलात की तुमच्या भुवया बघून मला…" तिनं हात पुढं करून माझ्या कपाळावर ठेवला, ताप बघतात तसा, आणि काढून घेतला. "तुमचा काही दोष न्हाई. मला तुमच्यावर राग न्हाई. पण मला तुमच्याकडं बघवत न्हाई हो. मी लय करून बघितलं."

माणूस घर बदलू शकतो, गाव बदलू शकतो, नोकरी सोडू शकतो. मी तिथं बसून आपला चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. काहीच सुचलं नाही म्हणून तसं केलं. ती माझ्याजवळ सरकली आणि आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र रडलो. लेक गेल्यावरसुद्धा आम्ही असे एकत्र रडलो नव्हतो.

रेसिडेन्सी चालवणाऱ्या लोकांनी तिला उद्यानाच्या कडेच्या आश्रमशाळेत मुलांना चित्रकला शिकवायला बोलावलं होतं. तिथं राहायची सोय होती. ते निमंत्रण तिनं महिनाभर दाबून ठेवलं होतं. आता तिनं सांगितलं आणि मी म्हणालो, जा. असं म्हणण्यात काही मोठेपणा नव्हता. ती रोज माझ्यासमोर न झोपता पडून राहते हे मलाही बघवत नव्हतं.

लोक बोलले. परभणी काही एवढं मोठं शहर नाही. जंगलात गेली आणि तिकडचीच झाली, कुणीतरी असेल तिथं, नवऱ्यानं सूट दिली की असंच होतं. मी उत्तरं दिली नाहीत. मला भीती होती ती आईची. आईला सांगायला मी पोखर्णीला गेलो. ती ओसरीवर गहू निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, तोंडाकडं बघून सांगता येत नव्हतं म्हणून तिच्या सुपाकडं बघत सांगितलं. मला वाटलं, आता ती सुनेला शिव्या देईल.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "जाऊ दे तिला," ती म्हणाली.

"आई, तू हे म्हणायलीस?"

"तुज्या आधी मला एक पोरगा झालता. दीड वर्साचा व्हता. ह्या वढ्याच्या पल्याड पुरलाय त्याला." मी पन्नाशीला आलो होतो आणि हे मला पहिल्यांदा कळत होतं. "तुज्या बापाचं तोंड बघितलं की मला त्यो दिसायचा. लय दिसायचा. वाटायचं, कुटंतरी निगून जावं. पर जायाला मला जागा कुटं व्हती? माहेर शेजारच्या गावात. मंग तू झालास." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तिला जागा घावली. जाऊ दे."

जूनमध्ये ती गेली. या वेळी सामान जास्त होतं. माळ्यावरचं खोकंही तिनं नेलं, पण लेकीच्या चित्रांचा गठ्ठा त्यातून काढून माझ्या कपाटात ठेवला. "हे तुमचं," म्हणाली. वह्यांची पानं, वर्तमानपत्रांचे समास, लग्नपत्रिकांच्या पाठी, सगळ्यांवर चार पायांच्या चिमण्या.

त्याला आता काही वर्षं झाली. आम्ही कागदोपत्री नवराबायको आहोत, ते बदलायची गरज दोघांनाही वाटली नाही. ती फोन करते. फोनवर तिला माझा चेहरा दिसत नाही, त्यामुळं ती चांगली बोलते, हसतेसुद्धा. व्हिडिओ कॉल आम्ही कधी केला नाही. तिची चित्रं मोठ्या शहरांत लागतात. आश्रमशाळेतली मुलं तिला काय काय सांगतात ते ती मला सांगते आणि मी ऐकतो. मी विचारत नाही की त्यांतल्या चौथीतल्या मुलींकडं बघताना तिला काय वाटतं.

गेल्या हिवाळ्यात तिचे वडील गेले. मी पूर्णेला पोचलो तेव्हा ती आधीच आलेली होती. दिवसकार्य होईपर्यंत आम्ही एकाच घरात होतो. ती बायकांत, मी पुरुषांत. तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे पांगले, मग आम्ही दोघं चालत स्टेशनवर गेलो. तिला अकोल्याकडं जायचं होतं, मला परभणीला. फलाटावर बाकावर बसलो. ती म्हणाली, "बाबांनी मला एकदाच कायतरी सांगितलं, जा म्हणून. बाकी जन्मभर काही बोलले न्हाईत."

"त्यांना माहीत होतं का, तू परत येणार न्हाईस?"

"ठाव न्हाई. मला पण ठाव नव्हतं."

मग ती म्हणाली, "नीट जेवता का?"

"जेवतो."

"खोटं बोलायलात. गळ्याची हाडं दिसायलीत." तिनं पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला, तेराव्याच्या स्वयंपाकातल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. मी तो तिथंच उघडला आणि आम्ही दोघांनी त्यातलं खाल्लं. ती रुळांकडं बघत खात होती, मीही रुळांकडंच बघत होतो. तिला अवघड जाऊ नये म्हणून मी आता तिच्यासमोर तसाच बसतो.

तिची गाडी आधी आली. मी बॅग वर ठेवून दिली आणि खाली उतरून खिडकीपासून थोडा पुढं जाऊन उभा राहिलो, गाडीकडं पाठ करून. मागून तिचा आवाज आला, "येते हो." मी मान हलवली. गाडी निघाली, पूर्ण निघून जाईपर्यंत मी वळलो नाही. माझ्या गाडीला अजून अवकाश होता. चहावाल्यानं विचारलं, "साहेब, चहा?" मी घेतला. तो पिताना माझ्या लक्षात आलं की रिकामा डबा माझ्याच हातात राहिला होता, आणि तो परत कधी, कुठं द्यायचा हे मला माहीत नव्हतं.